ठिपक्यांच्या नकाशामागचं काम

प्रिय विद्यार्थिनी,

ग्रंथालयशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना तू व्हॉसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये शोधनिबंधांतल्या कीवर्डचा ठिपक्यांचा नकाशा काढलास, सर्वांना तो आवडला. आता तू विचारतेस, यात करिअर होतं का आणि प्रोग्रॅमिंग यायलाच हवं का?

करिअर होतं, पण नुसता नकाशा काढता येतो एवढ्यावर नाही. ते काम लायडन विद्यापीठात तयार झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर काही क्लिकमध्ये करून देतं.

तू पाठवलेला नकाशा मी मोठा करून पाहिला. त्यात 'न्यूरल नेटवर्क' आणि 'न्यूरल नेटवर्क्स' असे दोन ठिपके शेजारी शेजारी आहेत. लेखकांनी दिलेले कीवर्ड जसेच्या तसे घेतले की असं होतं. यासाठी थिसॉरस फाइल असते. तिचे रकाने दोनच: एकात सापडलेला शब्द, दुसऱ्यात त्याऐवजी घ्यायचा शब्द. ती भरणं कंटाळवाणं आहे, पण खरं कौशल्य तिथेच आहे. एकाच लेखकाची तीन स्पेलिंग्ज, एकाच संस्थेची चार नावं ओळखायला विषय कळावा लागतो, आणि तुझ्या शाखेने सूचीकरणात तुला नेमकं हेच शिकवलंय.

आणखी एक. 'डावीकडचे विषय जुने, उजवीकडचे नवे' असं तू लिहिलंयस. तसं नसतं गं. हा नकाशा फिरवला, उलटा केला तरी तोच राहतो. अर्थ असतो ठिपक्यांमधल्या अंतराला; जवळचे ठिपके म्हणजे जास्त संबंध असलेले विषय. रंगांचे गटही कायमचे नाहीत. रेझोल्यूशनचा, म्हणजे गट किती बारीक पाडायचे ते ठरवणारा, आकडा बदलून बघ, गट फुटतात किंवा एकत्र येतात. मुलाखतीत हे समजावून सांगता आलं, तर तुझं वेगळेपण लगेच दिसेल.

प्रोग्रॅमिंगला घाबरू नकोस. आर या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा विश्लेषणासाठी बिब्लिओमेट्रिक्स नावाचं पॅकेज आहे, त्यासोबत बिब्लिओशायनी येतं, ते ब्राउझरमध्ये माऊसने चालतं. तिथून सुरुवात कर, पण थोडं आर शिकच; तेच विश्लेषण पुन्हा करायचं तेव्हा लिहून ठेवलेला कोड उपयोगी पडतो. विदेसाठी स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूचींचं सदस्यत्व नसेल तर 2022 पासून खुली असलेली ओपनअॅलेक्स ही तशीच सूची आहेच.

शोधनिबंधांच्या अशा आकडेवारीच्या अभ्यासाला 'बिब्लिओमेट्रिक्स' म्हणतात, पण नोकरीच्या जाहिरातीत हा शब्द क्वचितच दिसेल. विद्यापीठ ग्रंथालयातली संशोधन साहाय्याची पदं, संशोधन व्यवस्थापन कार्यालयं, प्रकाशक, निधी देणाऱ्या संस्था इथे शोध. या जागांवर एखाद्याची बढती तुझ्या आकड्यांवर ठरू शकते, म्हणून संशोधनाच्या मूल्यमापनात आकडे कसे वापरावेत हे सांगणारा 2015 चा लायडन मॅनिफेस्टो आत्ताच वाचून ठेव. त्यात दहाच तत्त्वं आहेत, आणि पहिलंच सांगतं की आकड्यांनी तज्ज्ञांच्या मूल्यमापनाला आधार द्यायचा असतो.

या आठवड्यात तीच विदा घे, थिसॉरस भर आणि नकाशा पुन्हा काढ. मग जुना आणि नवा दोन्ही पाठव, सोबत काय बदललं ते चार ओळींत लिही.

तुझी,
मार्गदर्शक ताई