नीतिधैर्य, मनोबल, लय आणि एक 'मुळे'

'व्यवस्थापक बदलल्यामुळे संघाचे नीतिधैर्य उंचावले आणि तो फॉर्ममध्ये आला', हे फुटबॉलच्या बातमीतील वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे का, अशी एका वाचकाची पृच्छा आहे. वाक्याचा अर्थ कळतो, परंतु शब्दांची निवड तपासून घ्यावी अशी आहे.

'व्यवस्थापक' येथे नको. इंग्लंडमधील क्लबचा मॅनेजर संघ निवडतो आणि डावपेच आखतो. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला मात्र संघाचा व्यवस्थापक म्हटले की दौऱ्यावर प्रवासाची आणि निवासाची सोय पाहणारा गृहस्थ आठवतो. त्यामुळे 'प्रशिक्षक' म्हणावे किंवा सरळ 'मॅनेजर' लिहावे.

'नीतिधैर्य' हा शब्द रूढ असला, तरी त्यातील 'नीती'मुळे सत्याची बाजू घेण्याचे धैर्य असा अर्थ डोकावतो, आणि येथे तो अभिप्रेत नाही. 'मनोबल' आणि 'मनोधैर्य' हे दोन्ही शब्द चालतील, पण ते सर्वस्वी समानार्थी नाहीत. मनोबल ही एरवीचीही उमेद आहे, म्हणून ते वाढते, उंचावते. धैर्याचा कस संकटात लागतो, म्हणून मनोधैर्य टिकते किंवा खचते.

मँचेस्टर युनायटेडचा 2018-19 चा हंगाम पाहिला की हा भेद स्पष्ट होतो. लिव्हरपूलकडून 3-1 असा पराभव झाल्यावर दोनच दिवसांनी, 18 डिसेंबर 2018 रोजी, प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांना दूर करण्यात आले आणि क्लबचेच माजी खेळाडू ओले गुन्नार सोल्शार हंगामी प्रशिक्षक झाले. लिव्हरपूलविरुद्ध पूर्ण वेळ बाकावर बसलेल्या पॉल पोग्बाने महिना संपण्याआधी सलग दोन सामन्यांत प्रत्येकी दोन गोल केले. सोल्शार यांच्या कारकिर्दीची सुरुवात कार्डिफला 5-1 असे हरवून झाली आणि पहिले आठही सामने संघाने जिंकले. खेळाडू तेच होते, म्हणून येथे 'मनोबल उंचावले' हेच शब्द शोभतात. पुढे चॅम्पियन्स लीगमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनकडून घरच्या मैदानावर 0-2 हार पत्करल्यानंतर, 6 मार्च 2019 रोजी पॅरिसमध्ये 3-1 असा विजय मिळवून हा संघ प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलांच्या नियमावर (दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत असेल, तर परक्या मैदानावर अधिक गोल करणारा पुढे जाई, हा तेव्हाचा नियम) पुढे सरकला. तेथे मात्र मी 'मनोधैर्य टिकवले' असेच लिहीन.

'फॉर्म' मराठीत रुळला आहे आणि त्याला माझी हरकत नाही. तरीही एकट्या खेळाडूला 'सूर गवसतो' आणि अकरा जणांच्या परस्पर मेळाला 'लय सापडते', ही आपली बोलण्याची रीत अधिक नेमकी आहे. उमेद एका आठवड्यात येऊ शकते. लय मात्र सरावाने बसते आणि निसटतेही. मार्चअखेरीस सोल्शार कायमचे प्रशिक्षक झाले, आणि त्या हंगामातील शेवटच्या पाच लीग सामन्यांत युनायटेडला एकही विजय मिळाला नाही. अखेरच्या दिवशी, 12 मे 2019 रोजी, त्याच कार्डिफने, तेही खालच्या श्रेणीत घसरणे निश्चित झालेले असताना, युनायटेडच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 2-0 असा विजय मिळवला.

आता 'मुळे'. वाक्यातील हे सर्वांत लहान रूप सर्वांत मोठा दावा करते. प्रशिक्षकाची गच्छंती बहुधा पराभवांची रांग लागल्यावरच होते, आणि त्या पराभवांत दुखापती, खांबाला लागून परतलेले फटके, अवघड प्रतिस्पर्ध्यांचा क्रम, अशा काही तात्पुरत्या कारणांचाही वाटा असतो. ती सरली की निकाल सुधारण्याची शक्यता प्रशिक्षक तोच राहिला असता तरीही होतीच. 'बदलल्यामुळे' लिहिताच ही शक्यता वाक्यातून पुसली जाते. 'बदलल्यानंतर' किंवा 'बदलल्यापासून' लिहिल्यास घटनाक्रम तेवढा सांगितला जातो. पोग्बासारखे उदाहरण डोळ्यांसमोर असेल, तर मनोबलापुरते 'मुळे' ठेवावे. निकालांसाठी ते वापरताना हात आखडता घ्यावा.

म्हणून मी ते वाक्य असे लिहीन: 'नव्या प्रशिक्षकामुळे संघाचे मनोबल उंचावले असून, त्यांच्या नियुक्तीनंतरच्या सामन्यांत संघाला लय सापडली आहे.'