खणातली बंद पाकिटं

"ताई, मी ३८ वर्षांची, नोकरी करते. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. पगार दोघांचे आहेत, तरी वीस तारखेनंतर ओढाताण सुरू होते. क्रेडिट कार्डाचं देणं साचलंय आणि ते नवऱ्याला माहीत नाही. बँकेचं पाकीट आलं की न उघडता टेबलाच्या खणात टाकते आणि मनात म्हणते, देव बघून घेईल. घर सदा पसरलेलं. पूर्वी रोज सकाळी प्रार्थनेला बसायचे. आता 'आधी घर आवरू, मग बसू' म्हणते आणि बसणं होतच नाही. दानाची रक्कम मात्र दर महिन्याला देते. ती चुकली तर आणखी वाईट होईल, अशी भीती वाटते. सुरुवात कुठून करू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, ही तीन दुखणी आहेत: पैसा, पसारा आणि देवापासून तुटल्याची भावना. दुसऱ्यांदा वाचताना तो खण डोळ्यांसमोर आला. तू पाकिटांकडे बघत नाहीस, पसाऱ्याकडे बघत नाहीस आणि देवासमोर बसलं की या दोन्हींची आठवण होणार, म्हणून तिथेही बसत नाहीस. तेव्हा नवं वेळापत्रक, नवी वही, मोबाइलवरचं नवं अॅप यातलं काहीही आत्ता आणू नकोस. आधी खण उघड.

सुट्टीच्या दिवशी घर जागं व्हायच्या आत ऊठ. पाच मिनिटं तुझी नेहमीची प्रार्थना कर. काही मागू नकोस, फक्त म्हण, जे आहे ते मला बघता येऊ दे. मग पाकिटं तारखेप्रमाणे लाव, एकेक उघड आणि एका कागदावर लिही: देणं कोणाचं, किती, व्याज किती. त्या दिवशी एवढंच. रडू आलं तर येऊ दे, पण बेरीज पूर्ण कर. 'देव बघून घेईल' यात चुकीचं काही नाही, मीही म्हणते. मात्र ते पाकीट उघडल्यावर म्हणायचं असतं.

आता त्या कार्डाविषयी. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक छोटा आकडा असतो. तू बहुधा तेवढाच भरत असशील. त्यानं उशिराचा दंड टळतो, कर्ज जवळपास तिथंच राहतं. उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं आणि बहुतेक कार्डांवर मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिन्याला ३ टक्के व्याज असेल तर वर्षाचे ३६ टक्के झाले असं वाटतं. व्याजावर व्याज धरलं तर ते ४२.६ टक्क्यांच्या आसपास जातं आणि काहीच फेडलं नाही तर साधारण दोन वर्षांत देणं दुप्पट होतं. म्हणून ते कार्ड आजपासून वापरायचं नाही. बाकी सगळी देणी ठरल्याप्रमाणे चालू ठेव आणि हाताशी राहील तो जास्तीचा पैसा सर्वात महाग व्याजाच्या देण्यात घाल. बँकेला फोन करून कमी व्याजाचे हप्ते बांधून मिळतात का तेही विचार. हो म्हणण्याआधी प्रक्रिया शुल्क धरून एकूण किती जातील ते लिहून घे.

नवऱ्याला सांगावंच लागेल. यातून तुला सूट देणं मला जमणार नाही. रात्री थकलेल्या अवस्थेत नको, मुलांसमोर आणि सासूबाईंसमोर तर नकोच. कागद समोर ठेव आणि पहिल्या वाक्यात आकडा सांग. आधी लांबलचक प्रस्तावना केलीस तर तो बिचारा भलतंसलतं कल्पून घाबरेल. चिडेल कदाचित. तो राग लपवल्याबद्दल असेल, तो त्याला येऊ दे. पण दोन पगारांच्या घराचा हिशेब एकटीनं अंधारात बसून मांडता येत नाही.

वीस तारखेनंतरची ओढाताण मला ओळखीची आहे. बहुतेक घरांत महिन्याचं गणित बरोबर असतं, वर्षाचं चुकलेलं असतं. विम्याचा हप्ता, शाळेची फी, लग्नाचा आहेर, गाडीची दुरुस्ती, यांना आपण 'अचानक' म्हणतो. यातलं खरं अचानक फार थोडं असतं. गेल्या वर्षभराचे असे खर्च आठवून लिही, बेरजेला बारानं भाग आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाक. पहिले काही महिने हे अर्धंमुर्धंच जमेल. चालेल.

रोजच्या खर्चाच्या नोंदीबद्दल माझ्या वडिलांची वही सांगते. ते रोज रात्री पेन्सिलीनं जमाखर्च लिहायचे. शेवटचा रकाना होता 'आठवत नाही'. जे जुळायचं नाही ते तिथे टाकून, खाली रेघ मारून ते झोपायचे. तो रकाना कधीच रिकामा नसायचा आणि वही मात्र कधी बंद पडली नाही. तुझ्या वहीत तो रकाना पहिल्या दिवसापासून ठेव.

दानाचं बोलताना मी जरा जपून लिहितेय, कारण तुझी श्रद्धा खरी आहे. पण डोक्यावर कार्डाची थकबाकी असताना दिलेली रक्कम खरं तर उसनी असते आणि भीतीपोटी दिलं की त्या दानाचा हप्ता होतो. देणं फिटेपर्यंत रक्कम अगदी लहान कर, झेपेल एवढीच, आणि शक्य असेल तिथे वेळ दे. ज्याच्यावर विश्वास ठेवतेस तो वसुलीला येणारा आहे का, हे स्वतःला विचारून बघ.

राहिलं घर आणि प्रार्थना. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट या ख्रिस्ती साधूनं मठवासीयांसाठी नियम घालून दिले. त्यात म्हटलंय, प्रार्थनेची सूचना कानावर पडताच हातातलं काम जिथल्या तिथे सोडून निघावं. काम संपवून यावं, असं नाही. त्याच नियमात मठाची भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळायला सांगितली आहेत. तुझा धर्म कोणता हे तू लिहिलं नाहीस आणि ते मला कळायलाच हवं असंही नाही. दहा मिनिटांची एक वेळ ठरव आणि पसाऱ्याच्या मधोमध बस. उठल्यावर एकच जागा आवर, टेबल किंवा दाराशी पडलेल्या चपला. बाकी घर तसंच राहू दे. मुलं लहान नसतील तर त्यांच्या वस्तू त्यांनाच उचलू देत.

पाकिटं उघडायला बसशील तेव्हा शेजारी कचऱ्याची टोपली ठेव. कितीतरी निव्वळ जाहिरातींची निघतील. बेरीज झाली की मला दोन ओळी लिही. आकडा नाही कळवलास तरी चालेल.

तुझी,
ताई