बॅलेचा पोशाख, दिव्यांची आग आणि चौदा मीटर नेट : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : 1832च्या ‘ला सिल्फीद’ या बॅलेमध्ये नर्तकी मारी तालिओनीने घातलेल्या पांढऱ्या झग्याने बॅलेचा पोशाख एका रात्रीत बदलला, असं वाचलं. खरंच का?

एका रात्रीत नाही. 12 मार्च 1832 रोजी पॅरिस ऑपेरात ही बॅले झाली. पोशाखाचं श्रेय चित्रकार यूजीन लामी यांना दिलं जातं. पण त्यातली बरीचशी रचना तेव्हाच्या पॅरिसच्या रस्त्यावर दिसणारीच होती. 1830च्या सुमाराला बायकांचे झगे घंटेसारखे फुगीर होते, कंबर आवळलेली होती आणि घोटेही उघडे दिसत. संध्याकाळच्या झग्यांचे गळे तर खांद्यांवरून उतरलेलेच असत. तालिओनीचा झगा त्याहून थोडा आखूड होता आणि त्याच्यावरून फॅशनचा सगळा बोजा उतरवला होता. फुगीर मोठ्या बाह्या नाहीत, रंग नाही, पट्ट्या-झालरी नाहीत. पाठीवर छोटे पंख आणि डोक्यावर फुलं, एवढंच.

नवं होतं ते कापड आणि उजेड यांचं जमलेलं गणित. पॅरिस ऑपेरात 1822 मध्ये गॅसचे दिवे आले. गॅस चावीने कमी-जास्त करता येई, त्यामुळे चांदण्यासारखा मंद उजेड पाडता येऊ लागला. त्या उजेडात विरळ पांढऱ्या कापडाचे थर एकमेकांतून दिसत आणि कडा धूसर होत. तोच झगा आजच्या झगझगीत दिव्यांखाली ठेवला तर परिणाम निम्मा होतो.

प्रश्न : त्या काळी नर्तकी जळून मरत, हे अतिरंजित आहे का? मलमल इतकी पेटते?

अतिरंजित नाही. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात 14 डिसेंबर 1844 रोजी क्लारा वेबस्टरचा झगा रंगमंचावरच्या उघड्या दिव्याला लागला आणि तीन दिवसांनी ती गेली. पॅरिसमध्ये 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीच्या वेळी एम्मा लिव्रीचा झगा पेटला. बसताना चुरगळू नये म्हणून तिने झगा झटकून वर उचलला, त्या वाऱ्याने शेजारच्या गॅसच्या दिव्याची ज्योत भडकली आणि कापडाने पेट घेतला. आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 रोजी तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्या झग्याचे उरलेले तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहात आहेत.

आता कारण. कापसाचा धागा जाड विणीत असला तर आग सावकाश पसरते. नर्तकींच्या झग्यांचं टार्लाटन मात्र अतिशय विरळ विणीचं, खळ देऊन ताठ केलेलं सुती कापड. प्रत्येक धाग्याला चहूबाजूंनी हवा मिळते. त्यात थरावर थर, आणि मधे हवेच्या पोकळ्या. झगा खालून पेटला की ज्वाळा आतूनच वर चढतात. बरं, आत घट्ट बांधलेली चोळी, तीही पाठीमागे आवळलेली. झटकन उतरवणं अशक्य.

उपाय माहीत नव्हता असं मुळीच नाही, आणि हीच खरी चीड आणणारी गोष्ट. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसाक यांनी 1821 मध्येच अमोनियमचे क्षार आणि टाकणखार वापरून कापड न पेटणारं कसं करायचं ते सांगितलं होतं. कापड न पेटणारं करण्याच्या कार्तेरों याच्या प्रक्रियेनंतर फ्रान्समध्ये 1859 मध्ये रंगमंचावरच्या कापडावर ती करण्याचा हुकूमही निघाला. पण द्रावणात बुडवलेलं कापड ताठ आणि मळकट दिसे, त्याचा तरंगता झोक जाई. लिव्रीने तसा झगा घालायला नकार दिला होता आणि जबाबदारी आपली, असं लेखी कळवलं होतं. शिवाय हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणजे एका धुण्यात सगळं गेलं. दर वेळी पुन्हा बुडवायचं. तिच्या एकटीच्या हट्टावर बोट ठेवणं मला पटत नाही. उघड्या ज्योतींच्या शेजारी नर्तकींना उभं करणारी व्यवस्था कुणी केली होती?

प्रश्न : तालिओनीच्या बुटांत आजच्यासारखा कडक पुढचा भाग होता का?

नव्हता. तिचे जे बूट उरले आहेत ते साध्या साटिनचे, पातळ चामडी तळाचे आहेत. 1830च्या बायका मेजवानीला जे सपाट, चौकोनी टोकाचे, फितीने बांधायचे बूट घालत, त्यांचीच ही सख्खी भावंडं. फरक एवढाच की टोकाला आणि दोन्ही बाजूंना दाट रफू केलेलं असे. त्या रफूने साटिन फाटत नसे, पाऊल घसरत नसे आणि बाजूंना थोडा आधार मिळे. उभं राहण्याचं बाकी काम घोट्याचं आणि पोटरीचं. म्हणून त्या काळी बोटांच्या टोकावर उभं राहणं क्षणभराचंच असे.

कापडाचे थर आणि खळ यांनी टोक कडक करण्याचं काम शतकाच्या शेवटी इटलीतल्या कारागिरांनी पुढे नेलं. इटालियन नर्तकी पिएरिना लेन्यानीने सेंट पीटर्सबर्गमध्ये 1893 मध्ये ‘सिंड्रेला’त आणि 1895 मध्ये ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग 32 फेऱ्या घेतल्या, त्या अशा बुटांमुळे शक्य झाल्या. घामाने खळ मऊ पडली की बूट संपला. हे दुखणं आजही तसंच आहे.

प्रश्न : मग झगा गुडघ्याच्या वर कधी गेला?

टप्प्याटप्प्याने. 1870 आणि 80च्या दशकांत चित्रकार देगासच्या चित्रांत तो गुडघ्यापर्यंत आलेला दिसतो. 1885 मध्ये इटालियन नर्तकी व्हर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला गेली तेव्हा तिने तिथला लांब झगा घालायला नकार देऊन आखूड करून घेतला. इटालियन नर्तकींचं पायकाम अवघड होतं आणि ते दिसायला हवं होतं. तरीही हा झगा थोडा खालीच झुकलेला असे. आत तार घातलेला, थाळीसारखा सपाट टूटू, म्हणजे बॅलेचा आखूड झगा, विसाव्या शतकातला. ‘स्वान लेक’च्या 1895च्या प्रसंगावर तो चढवला तर चूक आहे.

प्रश्न : ‘कॉपेलिया’ या बॅलेत नायक फ्रान्झचं काम बाईने केलं होतं म्हणतात.

हो, 1870 मध्ये नर्तकी यूजेनी फिओक्रने. तेव्हाच्या पॅरिसच्या प्रेक्षकांना पुरुष नर्तक नकोसे झाले होते आणि घट्ट तुमानीतले बाईचे पाय हवेसे.

प्रश्न : शाळेच्या गॅदरिंगसाठी ‘जिझेल’ बॅलेतल्यासारखा लांब झगा शिवायचा आहे. किती कापड, कसं शिवायचं?

उंची सुमारे 160 सेंमी धरून सांगतो. मांजरपाटाची 10 सेंमी रुंद पट्टी कंबर ते नितंब अशी, अंगाच्या मापाची बेतून घ्या. सगळी नेट या पट्टीवरच बसवायची. नेट 140 सेंमी पन्ह्याची. प्रत्येक थराला चार पन्हे जोडायचे, म्हणजे घेर 5.6 मीटर. पाच थर. सर्वात वरचा 72 सेंमी लांब, आतला प्रत्येक थर अडीच सेंमीने कमी : 69.5, 67, 64.5, 62. एकूण 13.4 मीटर लागतं, 14 आणा.

सर्वात आतला थर पट्टीच्या खालच्या कडेला, पुढचा प्रत्येक दीड सेंमी वर शिवा. सगळे थर कमरेच्या एकाच रेघेवर लावले की तिथे जाड वळकटी होते. नव्या हातांची नेमकी हीच चूक होते. चुण्यांसाठी लांब टाक्याच्या दोन समांतर टिपा घाला आणि घेर चार भागांत वाटून प्रत्येक भाग वेगळा ओढा. सलग ओढला तर दोरा तुटतोच. मागची शिवण वरून 20 सेंमी उघडी ठेवून हूक लावा. नेटची कड दुमडू नका, तिचे धागे सुटत नाहीत.

आतले दोन थर घागऱ्याला लावतात त्या कॅनकॅन नेटचे चालतील, वरचे तीन मऊच हवेत. पाचही कॅनकॅनचे केले तर फिरताना झगा तरंगत नाही, एकसंध हलतो. पायांना टोचू नये म्हणून आत सुती अस्तर लावा.

ही नेट बहुधा नायलॉनची असते. इस्त्री गरम झाली की भोक पडतं. आग लागली तर वितळून कातडीला चिकटते. नटराज पूजनाची समई विंगेत ठेवायची पद्धत असते. मुली झगे घालून तिथे रांगेत उभ्या राहण्याआधी ती विझवून दुसरीकडे हलवा.