'कोमेरा' का चुकतं: मूळ धातूला हात लावू नका

तुमची पोस्ट वाचली आणि स्वतःचीच जुनी वही उघडल्यासारखं झालं. स्पॅनिशच्या भूतकाळी सब्जंक्टिव्हमध्ये 'आब्लार' (बोलणे) याचं 'आब्लारा' बरोबर ठरलं, मग 'कोमेर' (खाणे) याचं 'कोमेरा' आणि 'एस्क्रिबिर' (लिहिणे) याचं 'एस्क्रिबिरा' का चूक, असं विचारलंय तुम्ही. अगदी हीच चूक मी कित्येक महिने इमानेइतबारे केली.

सब्जंक्टिव्ह म्हणजे इच्छा, शंका, जर-तर अशा वाक्यांत येणारं क्रियापदाचं रूप; तो कुठे कुठे येतो वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडते. मुद्दा एवढाच की हे रूप मूळ धातूपासून बनतच नाही. साध्या भूतकाळातलं 'ते' (अनेक जण) यांचं रूप घ्यायचं: आब्लारोन, कोमिएरोन, एस्क्रिबिएरोन. शेवटचं 'रोन' उडवायचं आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावायचं. आब्लारा, कोमिएरा, एस्क्रिबिएरा. नियमित 'आर'वाल्या धातूंत मूळ धातूला नुसता 'आ' लावला तरी योगायोगाने तेच उत्तर येतं, आणि तिथेच आपण फसतो.

मला फसवलं ते एका क्लासच्या तक्त्याने. नाव घेत नाही. 'धातू अधिक आ' असा नियम, खाली फक्त 'आर'वाली उदाहरणं, आणि छपाईत सगळे आघातचिन्हांचे टिंब-रेघा गायब. त्यावर माझी स्वतःची करामत अशी की मी सगळं देवनागरीत उतरवून पाठ केलं. आता गंमत बघा: 'मी बोलावं' यातला आब्लारा आणि 'तो बोलेल' हा आब्लारा, देवनागरीत दोन्ही सारखेच! फरक फक्त जोराचा. पहिल्यात जोर 'ब्ला'वर, दुसऱ्यात शेवटच्या 'रा'वर, आणि स्पॅनिशमध्ये त्या 'रा'च्या स्वरावर तिरपी रेघ असते. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला ते खटकतही नाही. तोंडी परीक्षेत मला म्हणायचं होतं 'केरिआ के आब्लारास', म्हणजे तू बोलावंस अशी माझी इच्छा होती. मी जोर शेवटी दिला, म्हणजे 'तू बोलशील' झालं. परीक्षक बाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच ठासून सांगितलं. तो भाग गेला. क्लासला कळवलं तर उत्तर आलं, 'तक्ता वर्षानुवर्षं हाच आहे.' बरं.

तेव्हापासून मी एकच करते: दोन रूपं जोडीने मोठ्याने म्हणते. आब्लारोन-आब्लारा, कोमिएरोन-कोमिएरा. जोर जिथल्या तिथे राहतो, सहाही रूपांत. म्हणूनच 'आम्ही'च्या आब्लारामोसमध्ये 'ब्ला'वर रेघ द्यावी लागते, नाहीतर नियमाने जोर पुढच्या 'रा'वर सरकला असता. मोबाइलच्या कीबोर्डवर स्वराचं बटण दाबून धरलं की रेघवालं अक्षर मिळतं. सुरुवातीपासून ती सवय लावा आणि वही रोमन लिपीतच ठेवा. इथे मी देवनागरीत लिहितेय ते सोयीसाठी, माझं अनुकरण करू नका.

या पद्धतीचा आणखी एक फायदा. अनियमित धातू फुकटात मिळतात: तुबिएरोन-तुबिएरा, दिखेरोन-दिखेरा, फुएरोन-फुएरा. ज्यांचा साधा भूतकाळ कच्चा आहे त्यांनी आधी तो पक्का करावा, हे माझं ठाम मत. मी शिक्षिका नाही, त्यामुळे तुमच्या सरांचं काही वेगळं असेल तर त्यांनाही विचारा.

'रा'ऐवजी 'से' लावून होणारी याच अर्थाची रूपं (आब्लासे, कोमिएसे) वाचताना ओळखता आली की सध्या पुरे. लॅटिन अमेरिकेत बोलताना 'रा'च जास्त ऐकू येतो. शिवाय दुकानात 'किसिएरा' (मला हवं होतं) म्हणून नम्रपणे काही मागायचं असेल तर तिथे 'से' चालत नाही.

आणि एक. आपलं 'बोलावंस' इच्छा आहे म्हणा की होती म्हणा, बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतं: इच्छा आहे तर 'किएरो के आब्लेस', पण होती तर 'केरिआ के आब्लारास'. मनात मराठी वाक्य जुळवून मग त्याचं भाषांतर करायला गेलात की हमखास इथे पाय घसरतो.

तुमचं 'कमी खात असते तर झोप चांगली लागली असती' हे वाक्य: 'सि कोमिएरा मेनोस, दोर्मिरिआ मेखोर.' दुसरा भाग तुम्ही बरोबरच लिहिला होता. तिथे मूळ धातूच लागतो, 'दोर्मिर'ला 'इआ'. तोच हिशोब तुम्ही 'सि' (जर) याच्या बाजूलाही लावलात, एवढंच झालं.