औषध लागू पडलं म्हणजे काय, ते आधी लिही

अगं,

एएफचं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके वेडेवाकडे पडण्याचं, औषध कुणाला लागू पडेल ते ठाण्याच्या फाइलवर तुझं मॉडेल बरोबर सांगतं आणि वाशीच्या फाइलवर तोंडावर आपटतं, म्हणून तू आठवडाभर अल्गोरिदम बदलत बसली आहेस. नको बदलू. दोन्ही फाइलींतला शेवटचा कॉलम बघ. वर ‘रिस्पॉन्स’, खाली एक आणि शून्य. ठाण्यात ‘एक’ कुणाला दिलाय? ओपीडीतल्या ईसीजीत एएफ दिसलं नाही, त्याला. वाशीत? चोवीस तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून ठेवलेल्या ईसीजीत, दिसलं नाही, त्याला. साधा ईसीजी दहा सेकंदांचा. येऊन-जाऊन असणारं एएफ नेमकं त्या दहा सेकंदांत कसं सापडेल? ठाण्यात पास झालेला रुग्ण ट्रान्स-हार्बरने वाशीला गेला तर तिथे नापास होईल. यात अल्गोरिदमचा काय दोष?

औषध लागू पडलं म्हणजे काय, ते आधी लिही. फाइल उघडण्याआधी, कागदावर.

कोणतं औषध, किती डोस, कोणत्या तारखेपासून, आणि मोजायला सुरुवात कधी. लय टिकवणाऱ्या अमिओडॅरोनच्या बाबतीत हे शेवटचं फार महत्त्वाचं. २०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा दिली तरी १० ग्रॅमचं लोडिंग, म्हणजे औषध अंगात साठावं म्हणून द्यायचा सुरुवातीचा एकूण डोस, पुरं व्हायला १७ दिवस लागतात. दहाव्या दिवशी एएफ दिसलं म्हणून शून्य टाकणं चूक आहे. किती वेळ टिकलेलं एएफ धरायचं? ३० सेकंद ही रूढ मर्यादा, तीच ठेव. रेकॉर्डिंग सगळ्यांचं सारखं हवं. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात सात-सात दिवस, तक्रार असो वा नसो. नाहीतर ज्याला धडधड जास्त त्याचे होल्टर जास्त होतात, आणि जिथे जास्त शोधलं तिथेच जास्त सापडतं.

थायरॉइड बिघडला म्हणून औषध बंद केलं, तर त्याचा कॉलम वेगळा. अब्लेशन (लय बिघडवणारा हृदयातला भाग जाळणं) झालं किंवा लय आणायला विजेचा शॉक दिला, त्याचाही वेगळा. पुन्हा फिरकलाच नाही तो एकही नाही आणि शून्यही नाही. नुसता वेग आवरणाऱ्या मेटोप्रोलॉलवर नाडी ७२ झाली म्हणून ‘लागू पडलं’ म्हणणारे तुला भेटतीलच. त्यांना रुग्णाच्या मनगटावर बोटं ठेवायला सांग. ७२ आहेत खरे, पण एक ठोका लवकर, एक उशिरा, एक जेमतेम लागणारा. वेग आवरला, लय आलेली नाही.

तुला हे कारकुनी काम वाटतंय, तुझ्या पत्रात ते दिसलं आणि मला राग आला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे जादा ठोके फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडने दबतात, ईसीजीची पट्टी स्वच्छ होते, म्हणून डॉक्टर ‘लागू पडलं’ म्हणत होते. १९८९ मध्ये कास्ट नावाच्या औषध-चाचणीत त्या औषधांवरच्या रुग्णांत मृत्यू वाढलेले दिसले आणि ती औषधं तिथेच थांबवावी लागली. नुकतंच सुरू झालेल्या एएफवर २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला. लय परत आणायची घाई न करता नुसता वेग आवरून थांबले, तर ४८ तासांत ६९ टक्के रुग्णांची लय आपोआप परत आली. त्या दोन दिवसांत कुठलीही गोळी दिली असती तर श्रेय तिलाच गेलं असतं. मी हेकटपणे एकाच गोष्टीवर अडून बसतो असं म्हणतात. म्हणोत. हे आधीपासून इतक्याच मोठ्याने सांगायला हवं होतं, एवढीच मला खंत आहे.

जनुकांचं विचारलंस. चौथ्या गुणसूत्रावर, पीआयटीएक्स२ जनुकाजवळ, एएफशी जोडलेले बदल २००७ मध्ये सापडले. पुढे औषधाच्या परिणामाशीही त्यांचा संबंध दिसला, पण मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांत. तुझ्या फाइलीत कळवा-मुंब्र्याहून आलेले, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप आखडलेले रुग्ण आहेत. त्यांच्या हृदयाचा वरचा डावा कप्पा वर्षानुवर्षं ताणलेला असतो. त्यांना वेगळं काढ, जनुकं नंतर.

मॉडेलला द्यायची माहिती पहिली गोळी घेण्याच्या दिवशी हातात असलेलीच हवी. एएफ किती दिवसांचं, डाव्या कप्प्याचं आकारमान, वय, वजन, झोपेतला श्वासरोध, दारू, किडनी. सोटॅलॉल सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशीचा क्यूटीसी (ईसीजीवरचं एक माप, त्या गोळीने बदलणारं) तू आत घातला आहेस, तो काढ. आणि एकाच रुग्णाच्या पट्टीचे तुकडे शिकवण्यात आणि तपासण्यात दोन्हीकडे जाऊ देऊ नकोस, विभागणी रुग्णागणिक कर.

आता ठाण्यातले होल्टर झालेले रुग्ण तेवढे बाजूला काढ, आणि रिपोर्ट नको, मूळ रेकॉर्डिंग मागव. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतो, पट्टीवर थरथर उमटते आणि मशीन तिलाच एएफ म्हणून मोकळं होतं. अशा प्रत्येक ठिकाणी पी तरंग (वरच्या कप्प्यांच्या नियमित ठोक्याची खूण, एएफमध्ये नसते) दिसतो का ते स्वतः बघ. घाईघाईत वीस बघण्यापेक्षा दिवसाला दहाच बघ, पण नीट बघ.