कोहेन वादकांची ओळख करून देतो तो भाग पुढे ढकलू नका

तुमचा प्रश्न असा: कॅनडाचा कवी-गायक लिओनार्ड कोहेन याच्या 2008 मधल्या कार्यक्रमाचं चित्रण, 'लाइव्ह इन लंडन', बघताना तो सारखा वादकांची नावं घेत बसतो, तेव्हा व्हिडिओ पुढे ढकलावासा वाटतो. शब्द आणि आवाज एवढे भारी असताना मागच्या मंडळींकडे लक्ष देण्यासारखं खरंच काही आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. माझं मत विचाराल तर 2008 नंतरचा कोहेन उभा राहिला तो या मंडळींच्या जिवावर.

तेव्हाची परिस्थिती बघा. वय 73. पंधरा वर्षं दौरा केलेला नाही. म्हातारपणासाठी साठवलेली पुंजी दुसऱ्याच कुणीतरी संपवलेली, म्हणून पुन्हा स्टेजवर येणं भाग पडलेलं. आवाज पार खर्जात उतरलेला, त्याला फिरत जवळजवळ नाहीच. अशा आवाजामागे बँड जोरात वाजला तर शब्द बुडणार, आणि फारच दबकून वाजला तर तीन तास काव्यवाचन ऐकल्यासारखं होणार. यातून वाट काढली रॉस्को बेकने. बास तोच वाजवतो आणि संगीत दिग्दर्शकही तोच. हा माणूस कोहेनबरोबर 1979 च्या दौऱ्यातही होता, ऑस्टिनच्या 'पॅसेंजर' बँडबरोबर आलेला. कोहेन कुठे ओळ लांबवणार, कुठे गाणं सोडून नुसतं बोलणार, हे त्याला पाठ आहे. काही महिने तालीम करून मगच ही मंडळी मे 2008 मध्ये कॅनडातल्या फ्रेडरिक्टनला पहिल्यांदा लोकांसमोर गेली. तुम्ही बघताय तो लंडनच्या ओटू अरीनातला कार्यक्रम 17 जुलैचा, म्हणजे तोवर हात चांगलेच बसले होते.

आपल्याकडे ख्यालाला ठेका धरणारा तबलजी असतो ना, हात कितीही तयार असला तरी गवय्याने जागा दिल्याशिवाय तुकडा न वाजवणारा, रफाएल गायोलचे ड्रम तसे आहेत. पहिल्यांदा ऐकताना ते जाणवतही नाहीत. दुसऱ्यांदा ऐकताना गाणं सोडून फक्त त्याच्याकडे कान द्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो हावियेर मासला. हा स्पेनचा, कोहेनच्या शेजारी खुर्चीवर बसून वाजवतो. हातात कधी बंदुरिया, कधी लाउद, कधी आर्चिलाउद, कधी बारा तारांची गिटार. पहिली तिन्ही स्पेनमधली जोडतारांची वाद्यं, नखीने छेडायची. लाउदचं तर नावच अरबी ऊदवरून आलेलं. 'हू बाय फायर' सुरू होण्याआधी मास बराच वेळ एकटाच वाजवतो, ताल न धरता, आलाप करावा तसा. एकेक स्वर घासून बघतो, मग हळूहळू ओळखीच्या चालीवर उतरतो आणि तिथे बाकीचे त्याला येऊन मिळतात. कोहेन त्याच्याकडे तोंड करून असतो, टोपी काढून. अशा वेळी तो चक्क गुडघे टेकून बसायचा. स्वतःच्या कार्यक्रमात, हजारो लोक आपल्याला बघायला आलेले असताना, त्यांची नजर दुसऱ्याकडे वळवायची त्याची ही पद्धत होती. कोहेन 2016 मध्ये गेला. पुढे त्याचा मुलगा ॲडम याने उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून 2019 चा अल्बम पुरा केला, तेव्हा वडिलांची गिटार वाजवायला त्याने मासलाच बोलावून घेतलं.

नील लार्सनच्या हॅमंड ऑर्गनबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो, म्हणजे ऐकायला मजा येईल. हॅमंडला सहसा लेस्ली नावाचा स्पीकर जोडतात आणि त्याच्या आतला भोंगा खरोखरच फिरतो. वादक त्याचा वेग बदलतो तेव्हा भोंगा लगेच वेग पकडत नाही, हळूहळू पकडतो, आणि तेवढ्या वेळात स्वर थरथरत फुलत जातो. ओळ संपता संपता असा फुलणारा स्वर ऐकू आला की समजा, ऑर्गनवाल्याने योग्य क्षणी कळ फिरवली.

गायिकांना कृपा करून 'कोरस' म्हणून सोडून देऊ नका. शॅरन रॉबिन्सन ही कोहेनची सहगीतकार; 2001 चा 'टेन न्यू साँग्ज' अल्बम दोघांनी मिळून लिहिला आणि निर्मिती तिची. बाकीच्या दोघी वेब भगिनी, त्यांपैकी हॅटी हार्प वाजवते. 'इफ इट बी युवर विल' हे गाणं तर कोहेन सुरुवातीच्या ओळी नुसत्या म्हणतो आणि पुढे या दोघींच्या हाती सोपवून मागे सरतो. चालीचं वजन त्याच्या गळ्याला पेलत नव्हतं, ते या तिघींनी उचललं.

बॉब मेट्झगरची गिटार उत्तम, त्यात वाद नाही. डिनो सोल्डोचा सॅक्सोफोन मात्र मला अधूनमधून फार गुळगुळीत वाटतो. 2012 च्या दौऱ्यात मोल्दोव्हाच्या आलेक्झांड्रू बुब्लिचीचं व्हायोलिन आलं, ते मला जास्त पटलं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आता त्या नावं घेण्याबद्दल. एकाच कार्यक्रमात तो दोन-दोनदा ओळख करून देतो, प्रत्येकाला एखादं दरबारी विशेषण लावून, वर कमरेत वाकून. मुंबईकरांना कदाचित ठाऊक असेल, हाच माणूस 1999 मध्ये मुंबईत येऊन राहिला होता आणि बँक ऑफ इंडियातून निवृत्त होऊन अद्वैत सांगणाऱ्या रमेश बाळसेकरांसमोर रोज श्रोता म्हणून बसत होता. ऐकत बसायची सवय जुनीच म्हणायची. काही लोकांना त्याचं हे वाकणं नाटकी वाटतं, आणि थोडंसं आहेही. पण सोलो चालू असताना कॅमेरा कोहेनवर गेला की बघा: तो पुढच्या ओळीची वाट बघत नसतो, वादकाकडे बघत असतो.

'हू बाय फायर'पासून सुरुवात करा. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर बेकचा बास ऐकूच येणार नाही.