इंटिरियर डिझाइनची तत्त्वं आणि साधं स्किनकेअर रूटीन यांत खरंच काही साम्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की एकीकडे नवा फ्लॅट लावताय, दुसरीकडे सात बाटल्यांचं रूटीन सुरू केलंय, दोन्हीकडे सारखाच गोंधळ उडालाय, आणि डिझाइनचे नियम चेहऱ्याला लागू पडतात असं रीलवर ऐकलंय. पडतात, पण रीलवाले सांगतात ते नाही. साठ टक्के एक रंग, तीस दुसरा, दहा तिसरा हा नियम सोफा-पडद्यांना ठीक. तो चेहऱ्यावर बसवणं म्हणजे निव्वळ ओढाताण. खरं साम्य रंगात नाही, गिलाव्यात आहे.

मी बडोद्यात घरांची आतली कामं करते. तीन वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात काकूंना दिवाणखान्याच्या भिंतीवर पीव्हीसीचे पॅनल हवे होते. खालच्या तीन फुटांत सगळे पोपडे. "लग्नाचं घर आहे गं, पाहुणे यायच्या आत एवढं झाकून टाक." आमच्या गवंड्यानं खिशातली किल्ली काढली आणि भिंतीवरून ओढली. फरशीवर पांढरी भुकटी पडली, मीठ सांडल्यासारखी. मीठच ते. आपण लोणा म्हणतो, तो लूणो म्हणतो. "बेन, पहेलां लूणो काढो, पछी कलर."

घर मुळात चुन्यातलं. मधे कधीतरी मजबुतीच्या नावाखाली त्यावर सिमेंटचा गिलावा चढवलेला. जमिनीतली ओल विटांमधून वर चढतेच. चुन्यातून ती वाळून जायची, सिमेंटनं तिची वाट अडवली. मग पाणी फट सापडेल तिथून निघतं आणि सोबत आणलेले क्षार पृष्ठभागाशी साचून गिलावा फोडतात. त्यावर पॅनल ठोकला तर लग्नाच्या फोटोत भिंत देखणी दिसेल, मागे बुरशी निवांत वाढेल.

हे सगळं काकूंना समजावत होते तेव्हा माझ्या स्वतःच्या कपाळाला पोपडे सुटलेले होते. भिंतीला आणि त्वचेला आपण एकच शब्द वापरतो हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या महिन्यात मी सकाळी व्हिटॅमिन सी, रात्री मृत पेशी सोलणारं ग्लायकोलिक ॲसिड, एकाआड एक दिवस रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए चाच एक प्रकार, असं चालवलं होतं. कोरडं पडलं की वर जाड क्रीम. शेवटी साध्या पाण्यानंही चेहरा चुरचुरायला लागला तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी बाटल्यांची यादी वाचली आणि विचारलं, "एवढं सगळं एकाच चेहऱ्याला?"

मग त्यांनी जे समजावलं ते थेट माझ्या धंद्याच्या भाषेत होतं, आणि ती उपमा माझी नव्हे, त्यांच्या शास्त्रातलीच आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. सपाट मृत पेशी म्हणजे विटा; सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड हा त्यांच्यामधला मसाला. ॲसिडं आणि कडक साबण हा मसालाच खरवडून काढतात. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (7 च्या खाली आम्ल, वर अल्कली), साधारण 5 च्या आसपास, अंघोळीच्या साबणाचा 9 ते 10. मसाला गेला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं जे लावाल ते झोंबतं. त्यांनी सगळं बंद करून तीनच गोष्टी ठेवल्या: सौम्य क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन.

किती दिवस, तर निदान महिनाभर. वरचा थर नवा यायला तरुण वयात साधारण 28 दिवस लागतात, वय वाढलं की जास्त. मला हसू आलं, कारण काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकदही 28 दिवसांनीच तपासतात. निव्वळ योगायोग आहे, पण आठवणीत राहतो. दर आठवड्याला बाटली बदलली तर कोणत्या बाटलीनं काय केलं हे कळणारच नाही.

सनस्क्रीनबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहिते, कारण इथेच लोक हात आखडतात. रंगाच्या डब्यावर एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते छापलेलं असतं. पेंटरनं पाणी घालून दुप्पट भिंत उरकली तर तो रंग टिकेल का? सनस्क्रीनचंही तसंच. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा, दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. म्हणजे चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून. वाटाण्याएवढं लावलं तर 50 चा आकडा बाटलीवरच राहतो. आणि घरातच तर असते म्हणून सोडू नका. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोचतात: खिडकीची साधी काच त्यातले यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए बरेच आत सोडते. पश्चिमेच्या खिडकीशी तासन्‌तास बसत असाल तर पडद्याचा विचार फक्त सोफ्याच्या कापडासाठी करू नका.

आता साम्य कुठे तुटतं तेही सांगते. चुन्याची भिंत "श्वास घेते" तशी त्वचाही घेते, म्हणून काहीच लावू नका, असं सांगणारे भेटतील. त्वचेला ऑक्सिजन मुख्यतः रक्तातून मिळतो. मॉइश्चरायझरनं ती गुदमरत नाही. फक्त पुरळ येणारा चेहरा असेल तर बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जाड क्रीमऐवजी जेलसारखं हलकं घ्या. लिंबू चोळायचा घरगुती सल्ला कुणी दिला तर हसून विषय बदला; लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. आणि आठ दिवसांत उजळ करणारं मलम चिठ्ठीशिवाय आणू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं. तो ओल्या भिंतीवर मारलेला डिस्टेंपर आहे.

तुमच्या सात बाटल्यांचं म्हणाल तर क्लेन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन ठेवा, बाकीच्या चारही बाटल्या महिनाभर कपाटात टाका. मग हवी असेल तर एक परत आणा, एका वेळी एकच. झोंबणं थांबलंच नाही तर मात्र माझ्यासारख्या भिंतवालीला न विचारता डॉक्टरांकडे जा.

काकूंनी पॅनल लावले नाहीत. सिमेंट खरवडून भिंत हिवाळाभर उघडी ठेवली, लग्न तशाच भिंतीसमोर झालं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचा गिलावा केला. फोटोत ती भिंत दिसू नये म्हणून व्याह्यांना ओळीनं तिच्यासमोर उभं केलं होतं.